निवृत्त मामांच्या नोकरीचा विमा

माझ्या मामांना आजवर कोणीही फसवू शकलेलं नाही. ही माहिती मला मामांकडूनच मिळाली.

मामा निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर आहेत. ऐन तिशीत नाशिकहून अमेरिकेत आले, नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला घर घेतलं, आणि तेव्हापासून अमेरिका त्यांना फसवायला टपून बसलेली आहे आणि ते तिला पुरून उरलेले आहेत, असा एकूण इतिहास आहे. हॉटेलच्या बिलाची बेरीज ते स्वतः करून बघतात आणि मग वेट्रेसकडूनही करून घेतात. घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचा खोका गॅरेजमध्ये जपून ठेवतात. (गाडी म्हणूनच बाहेर उन्हात असते.) 'फ्री' असा शब्द असलेलं पाकीट ते उघडत नाहीत, तसंच फाडतात, आणि फाडताना हसतात. आमच्या मराठी मंडळात नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी दर वर्षी एक कार्यक्रम होतो, त्यात मामांचं भाषण ठरलेलं असतं. विषय: 'अमेरिकेत फसू नका'. मी ते ऐकलंय. पहिला अर्धा भाग मामा कसे फसले नाहीत ह्यावर असतो, आणि दुसरा अर्धाही.

मी मामांकडे राहते. माझी आई त्यांची सगळ्यात धाकटी बहीण, आणि माझी नोकरी इथल्याच एका औषध कंपनीत, त्यामुळे माझं भाडं वाचतं. त्या बदल्यात घरातलं इंग्लिश मी सांभाळायचं, असा अलिखित करार आहे. मामांची चाळीस वर्षं ह्याच देशात गेलीत, पण मी पडले कॉन्व्हेंटची, म्हणून फोन माझ्याकडे. "आमच्या जुईचं इंग्लिश ऐका एकदा," असं मामा पाहुण्यांना सांगतात, मग पाहुणे ऐकायला सरसावून बसतात आणि मी पाणी आणायला आत जाते.

माझं इंग्रजी खरंच चांगलं आहे. फक्त ते घशाच्या वर येत नाही. शाळेत सिस्टर्सनी आम्हाला दोनच गोष्टी मन लावून शिकवल्या, व्याकरण आणि गप्प बसणं. व्याकरण मी पुढे थोडं विसरले. फोनवर समोरचा जरा जास्त वेळ बोलत राहिला की मी नुसतं "यस, थँक यू" म्हणत राहते. नोकरीला लागले तेव्हा एचआरच्या बाईंनी कंपनीचे सगळे विमे मला असेच फोनवर समजावले होते आणि मी ते असेच घेतले होते. असो. गोष्ट मामांच्या विम्याची आहे.

झालं असं, की बँकेने कळवलं, आता कागदी स्टेटमेंट बंद, सगळं ऑनलाइन बघा. हा कट आहे हे मामांनी ताबडतोब ओळखलं. पण कटात सामील होण्यावाचून इलाज नव्हता, म्हणून एका शनिवारी त्यांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले, म्हणजे लॅपटॉपने काही चलाखी केली तर तिथल्या तिथे पकडता येईल.

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर एक ओळ होती. मागच्या महिन्यात होती, त्याच्या मागच्याही महिन्यात होती. मी मागे मागे जात राहिले आणि ती ओळ माझ्यासोबत येत राहिली.

"मामा, हे पेमेंट प्रोटेक्शन काय आहे?"

"प्रोटेक्शन आहे ते."

"कशापासून?"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "पेमेंटपासून."

मी अटी उघडल्या. बँकेच्या अटी वाचणारी माणसं जगात फार नसावीत, कारण त्या पानाला बघून मला वर्षानुवर्षं कुलूप लागलेल्या घरात शिरल्यासारखं वाटलं.

"मामा, ह्यात लिहिलंय की तुमची नोकरी गेली तर बँक तुमच्या कार्डाचा हप्ता भरेल."

"बघ! केवढी सोय आहे."

"पण तुमची नोकरी..."

"माझी नोकरी कशी जाईल? मी रिटायर्ड आहे."

"हो ना."

"मग?"

"मग तेच."

स्वयंपाकघरात मामी भेंडी चिरत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, "अहो, नोकरी जायला आधी नोकरी लागावी लागते."

इतक्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण खाली लिहिलं होतं की पासष्टीनंतर हा विमा लागूच होत नाही. मामांनी तो घेतला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते! आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे मामा कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरतात, तेही मुदतीच्या आधी. म्हणजे मामांना नोकरी असती, ती गेली असती, आणि ते पासष्टीच्या आतले असते, तरी बँकेला भरायला हप्ता उरलाच नसता. टकल्या माणसाला कंगवा विकणारे लोक असतात असं मी ऐकलं होतं. बँकेने कंगवा विकलाही नव्हता. दरमहा भाड्याने दिला होता.

मामांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. मग म्हणाले, "स्क्रीन लहान आहे. तुला नीट दिसत नसेल."

"मला दिसतंय, मामा."

"किती झाले एकूण?" मामीने विचारलं. सुरी आता थांबली होती.

मी सांगितलं. मामीने बाहेर येऊन भेंडीचे हात पदराला नव्हे, थेट मामांच्या सोफ्याच्या कव्हराला पुसले. (हे फार गंभीर लक्षण आहे.)

"म्हणजे माझं सांगलीचं तिकीट झालं असतं," ती म्हणाली. "जाऊन येऊन. शिवाय आहेर."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सांगलीला मामीच्या बहिणीला दोन मुली. थोरलीच्या लग्नाला जायचं मामीने काढलं होतं तेव्हा मामांनी हिशोब मांडून दाखवला होता की डिसेंबरची विमानाची तिकिटं म्हणजे निव्वळ फसवणूक, आणि आपण फसणाऱ्यांतले नाही. मामीने ते लग्न व्हिडिओवर बघितलं होतं, तेही मांडवातलं नेटवर्क जाऊन येऊन. अक्षता पडताना नवरी अडकली ती थेट जेवणाच्या पंगतीतच हलली. आता ह्या डिसेंबरात धाकटीचं लग्न होतं.

"माझं तिकीट त्या बँकेत पडलंय," मामी म्हणाली. "ते घेऊन या. मग बोलू."

आता प्रश्न असा, की हा कंगवा मामांना कोणी दिला? तर टायलरने.

टायलर आमच्या बँकेच्या शाखेत खुर्ची टाकून बसतो. गोरा, गोल चेहऱ्याचा, कायम नुकतीच चांगली बातमी ऐकल्यासारखा. पण टायलरला बँकेचा माणूस म्हटलेलं मामीला आवडत नाही. तो घरचा आहे. मामीचे वडील सांगलीला एका पतसंस्थेत कॅशियर होते आणि दिवाळीला खातेदार त्यांच्या घरी फराळाचं ताट घेऊन येत. त्यामुळे जिथे आपलं खातं, तिथे आपला फराळ, हे मामीच्या रक्तातच आहे. दर दिवाळीला ती टायलरला चकल्या, करंज्या आणि बेसनाचे लाडू नेऊन देते. टायलर पहिल्या वर्षी करंजी कशी उघडायची असं विचारत होता. आता तो ऑक्टोबर लागला की मामीच्या गुडघ्याची चौकशी करायला फोन करतो.

"टायलर असं करणार नाही," मामी म्हणाली. "माझ्या हातचं खाल्लंय त्याने."

"मामी, त्यानेच केलंय. इथे त्याचं नाव आहे."

"वरून सांगितलं असेल. तो पोर काय करणार? त्याला मध्ये आणू नका, पैसे तेवढे आणा."

म्हणजे चोराला धक्का न लावता माल आणायचा. आणि मामांची वेगळीच अट. त्यांनी मला बाजूला घेतलं. "जुई, महिन्याभरावर मंडळाचं भाषण आहे. हे बाहेर जाता कामा नये. तू फोन लाव. तुझं इंग्लिश आहे."

मी दोन दिवस तयारी केली. एक वाक्य लिहिलं, पाठ केलं, आरशासमोर म्हटलं: हा विमा माझ्या मामांना चुकीच्या पद्धतीने विकण्यात आला आहे आणि आम्हाला सर्व पैसे परत हवे आहेत. इंग्रजीत ते फारच भारदस्त होतं. आरसा दबला होता.

बँकेच्या तक्रारीच्या नंबरावर आधी एक बाजा वाजत राहिला, तो इतका आनंदी होता की तक्रार करायची लाज वाटावी. मग ॲम्बर नावाची बाई आली. मी फोन स्पीकरवर ठेवला, श्वास घेतला आणि माझं भारदस्त वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"हाय," मी म्हटलं. "सॉरी. आमचा एक छोटासा प्रश्न होता. घाई नाही."

मामांनी कपाळावर हात मारला. तो स्पीकरवर स्पष्ट ऐकू गेला.

ॲम्बर म्हणाली की खातं ज्यांचं आहे त्यांच्याशी बोलावं लागेल, आणि त्याआधी सुरक्षिततेचा एक प्रश्न. "सर, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?"

मामांनी आयुष्यात मुंगीसुद्धा पाळलेली नाही. मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं, तर ते गालात हसत होते. फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "खरी उत्तरं द्यायचीच नसतात. चोर आधी तीच शोधतो. मी मुद्दाम खोटं दिलंय."

"काय दिलंय?"

हसू मावळलं. मामा आठवू लागले. वाघ्या म्हणून झालं, मोती म्हणून झालं, मिठू म्हणून झालं. ॲम्बर प्रत्येक नावाला "आय ॲम सॉरी, सर" म्हणत होती, जणू एकेक प्राणी दगावत होता. शेवटी मामांनी टेबलावर मूठ आपटली. "साठे!"

"एस, ए, टी, एच, ई?" ॲम्बर म्हणाली. "सो क्यूट! कुत्रा होता का?"

"बॉस होते," मामा म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

आता खरा मुद्दा आला. ॲम्बर म्हणाली की पैसे परत मिळू शकतात, अगदी सहज मिळू शकतात. ग्राहकाने रेकॉर्डेड लाइनवर एवढंच सांगायचं, की विमा घेताना मला तो समजला नव्हता.

"सर, तुम्हाला समजला नव्हता, बरोबर?"

मी मामांकडे बघून जोरजोरात मान हलवली. मामीने दारातून मान हलवली. माना हलवण्याशिवाय आमच्या हातात काही नव्हतं.

"मॅडम," मामा इंग्रजीत म्हणाले, "मी इंजिनियर आहे."

"हो सर. पण विमा समजला होता का?"

"एव्हरीथिंग!" मामा कडाडले. "आय अंडरस्टूड एव्हरीथिंग! मोअर दॅन युवर बँक!"

कीबोर्डचा टकटक आवाज आला. ग्राहकाला विमा पूर्णपणे समजला होता, अशी नोंद झाल्याचं ॲम्बरने गोड आवाजात सांगितलं, आणखी काही मदत हवी आहे का असं विचारलं, आणि मी म्हटलं, "नो, थँक यू सो मच."

घरात जे झालं ते थोडक्यात सांगते.

"अहो, एवढं म्हणायला काय झालं होतं? कळलं नव्हतं म्हणायचं!"

"रेकॉर्डेड लाइनवर? उद्या कोणी ऐकलं तर?"

"कोण ऐकतंय तुमचं रेकॉर्ड? मंडळात लावणार आहेत का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, नलू. मला कळलं नाही असं मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही."

"ते मला माहितीये," मामी म्हणाली. "मी इथेच होते."

मग असं ठरलं की समोरासमोर जाऊ. फोनवर माणूस कळत नाही, शाखेत जाऊन टायलरलाच सांगू. शनिवारी सकाळी आम्ही तिघं गाडीत बसलो. मामांच्या हातात फाइल, माझ्या डोक्यात तेच भारदस्त वाक्य, आणि मामीच्या मांडीवर डबा.

"मामी, हे काय?"

"बेसनाचे लाडू."

"आपण तक्रार करायला चाललोय!"

"म्हणून काय रिकाम्या हाताने जायचं?"

टायलरने डबा बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच आले. मामीचा गुडघा, भाचीचं लग्न, मामांची बाग, सगळ्याची चौकशी झाली. मग त्याने हात जोडून (हे त्याला मामीनेच शिकवलंय) विचारलं, आज कसं येणं केलंत? तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पेनाकडे बघितलं. पेन साखळीने बांधलेलं होतं. लोकांचे पैसे वर्षानुवर्षं गुपचूप उचलणाऱ्या बँकेला आपल्या पेनाची मात्र भारी काळजी! हे मी म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं ते असं: "पेन छान आहे."

शेवटी मामांनी फाइल उघडली आणि टायलरचा चेहरा पडला. तो बिचारा मनापासून म्हणाला, "ओ माय गॉड. सर, हे तुमच्यासाठी नव्हतंच! मी समजावून सांगायला हवं होतं. मी त्या दिवशी नीट समजावलं नाही, हो ना?"

ह्याहून सोपं काय असू शकतं? चोराने स्वतः माल डोक्यावर घेऊन दारात आणला होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"तू मला समजावणार?" मामा म्हणाले. "अरे, त्या दिवशी मी तुला समजावलं होतं! चक्रवाढ व्याज! आठवतं का? तुला येत नव्हतं!"

"येस!" टायलर उजळला. "एक तासभर! तुम्ही मला चक्रवाढ व्याज शिकवलंत, आणि मग तुमच्या जुन्या फॅक्टरीतला बॉयलर, आणि मग मी म्हटलं इथे सही करा आणि तुम्ही केलीत."

"न वाचता?" मामीने मराठीत विचारलं.

"शिकवत होतो ना!" मामा म्हणाले.

तर असं झालं होतं सगळं. बँकेला मामांना फसवावंच लागलं नव्हतं. मामांना एक श्रोता मिळाला होता, आणि श्रोत्यासाठी ते काय वाटेल तिथे सही करतील. मला नंतर वाटलं की ह्या लोकांना प्रशिक्षणात हेच शिकवत असतील. भारतीय, पुरुष, इंजिनियर, निवृत्त: एक प्रश्न विचारा आणि कागद पुढे सरकवा.

टायलर पुन्हा पुन्हा विनवत राहिला. सर, फक्त 'मला समजलं नव्हतं' ह्या चौकोनात खूण करा, बाकी मी बघतो. मामांनी साखळीचं पेन हातात घेतलं, चौकोनाकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवलं. एका चौकोनाने एवढा मोठा माणूस अडवलेला मी पहिल्यांदाच बघत होते. आम्ही बाहेर पडलो तेव्हा आमच्याकडे बँकेचं एक कॅलेंडर होतं आणि तीन लॉलीपॉप. मामांनी आपलं गाडीत खाल्लं. कोणी कोणाशी बोललं नाही. बोलणं शक्यही नव्हतं, सगळ्यांच्या तोंडात काड्या होत्या.

त्यानंतर मी माझ्या परीने लढा चालू ठेवला, म्हणजे ईमेल लिहायला घेतला. त्याचा मसुदा रोज सुधारत होते. 'फसवणूक' जरा कडक वाटलं म्हणून 'गैरसमज' केलं, 'गैरसमज' बोचेल म्हणून 'गोंधळ' केलं. पंधरवड्याने तो मसुदा इतका सौम्य झाला की त्यात आम्हीच बँकेची माफी मागतोय असं दिसत होतं. तिकडे तिकिटं वर चढत होती आणि मामा रोज सकाळी भाषणाची तालीम करत होते. "मित्रहो, सही करण्याआधी वाचा!" असं बाथरूममधून ऐकू आलं की मामी गॅस मोठा करायची.

एके दिवशी भाषण चालू असतानाच ती हात पुसत बाहेर आली. "जुई, ते कार्ड माझ्याही नावावर आहे ना?"

"आहे. जॉइंट आहे."

"मग लाव फोन त्या बाईला. मला काही कळत नाही, असं हे चाळीस वर्षं तोंडी सांगतायत. एकदा रेकॉर्डवर येऊ दे."

मी फोन लावला. बाजा वाजला. आणि नशीब बघा, पुन्हा ॲम्बरच! पाळीव प्राण्याचं नाव 'साठे' सांगून झालं. मी बोलायला सरसावले, पण मामीने फोन स्वतःकडे ओढला.

"हॅलो. आय ॲम वाइफ."

"येस, मॅम."

"धिस इन्शुरन्स. आय नो अंडरस्टँड."

"विमा घेताना तुम्हाला तो कोणी समजावून सांगितला होता का, मॅम?"

"नो."

"तुमची संमती कोणी विचारली होती?"

"लिसन," मामी म्हणाली. "फॉर्टी इयर्स मॅरेज. नोबडी आस्क मी एनीथिंग."

पलीकडे टकटक थांबली. मग ॲम्बर अगदी वेगळ्याच, घरगुती आवाजात म्हणाली, "ओह, हनी. टेल मी अबाउट इट."

आणि मामीने सांगितलं! थोरलीचं लग्न, अडकलेली नवरी, डिसेंबरची तिकिटं, गॅरेजमधले खोके, सगळं. क्रियापदं जवळजवळ नव्हतीच, पण ॲम्बरला एकाही क्रियापदाची उणीव भासली नाही. ॲम्बरनेही सांगितलं. तिचा नवरा न विचारता बोट घेऊन आला होता आणि त्यांचं गाव समुद्रापासून फार लांब होतं. मी शेजारी बसून दोघींना ऐकत होते, माझं निर्दोष इंग्रजी मांडीवर ठेवून. भाजी करपायच्या आत पैसे मंजूर झाले होते. सगळे. व्याजासकट. मामी फोन ठेवताना म्हणाली, "यू कम, ईट लाडू."

मामा बाथरूमच्या दारात टॉवेल गुंडाळून उभे होते. भाषण केव्हाचं बंद पडलं होतं.

"नलू, तू खोटं बोललीस," ते म्हणाले. "तुला सगळं कळतं."

मामीने त्यांच्याकडे बघितलं. "हे रेकॉर्ड व्हायला हवं होतं," ती म्हणाली आणि भाजी हलवायला गेली.

मंडळाचं भाषण दणक्यात झालं. ह्या वर्षी त्यात एक नवा किस्सा होता. "मित्रहो, फार लांब कशाला जायचं? माझ्याच घरात, माझ्या मिसेसच्या नावावर बँकेने एक असा विमा चिकटवला होता, जो त्यांना कधीच लागू झाला नसता! पण माझी नजर..." वगैरे. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची नवी मुलगी पुढे वाकून मामीला म्हणाली, "काकू, खरंच तुम्हाला फसवलं?"

मी मामीकडे बघितलं. तिच्या पर्समध्ये सांगलीचं तिकीट होतं, आणि हातात गरम बटाटेवडा.

"हो गं बाई," मामी म्हणाली. "मला काही कळलंच नव्हतं." आणि तिने वड्याचा मोठा घास घेतला.

लग्न तिने मांडवात उभं राहून बघितलं. येताना टायलरसाठी पेढे आणले. (ॲम्बरसाठीही आणले होते, पण पत्ता कोणाकडेच नव्हता, म्हणून ते टायलरनेच खाल्ले.)

हे सगळं मी ऑफिसात कोणालातरी सांगून हसणार होते. तेवढ्यात मामांना सगळीकडेच विमे दिसू लागले. एका रविवारी ते म्हणाले, "जुई, तुझी पगाराची स्लिप दाखव बरं." मी दाखवली. ते बोट ठेवत ठेवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

"हा पेट इन्शुरन्स काय आहे?"

"इन्शुरन्स आहे तो," मी म्हटलं.

"कोणाचा?"

"पेटचा."

"तुझ्याकडे पेट आहे?"

"नाही."

स्वयंपाकघरात मामीची सुरी थांबली.

बंद करणं अगदी सोपं आहे. एचआरच्या बाईंना फोन करायचा आणि सांगायचं, की घेताना मला कळलं नव्हतं. मी फोन उचलला. ठेवला. सगळा विमा स्वच्छ इंग्रजीत समजावलेला, आणि मी कॉन्व्हेंटची! मामांनी माझ्याकडे बघितलं, मी मामांकडे बघितलं, आणि आमच्या घराण्यात आजवर कोणी कोणाला इतकं समजून घेतलं नसेल.

"नको सांगूस," मामा हळूच म्हणाले.

"नाहीच सांगणार," मी म्हटलं.

तर सध्या आम्ही कुत्रा बघतोय. मामांना नाव साठे हवं होतं, पण मामीने टायलर ठरवलंय. त्याला हाक मारायचं काम मात्र तिने स्वतःकडे ठेवलंय. मी हाक मारली तर ती त्याच्यापर्यंत पोचायची नाही, आणि तो भुंकला की मी "यस, थँक यू" म्हणेन, असं तिचं म्हणणं आहे.